शेवटच्या महिन्यात बाळ शांत होतं का?
एकीने लिहिलंय की नववा महिना लागला की पोटात जागा उरत नाही, त्यामुळे बाळाची हालचाल कमी होणारच. हे ऐकायला पटतं, पण बरोबर नाही. साधारण ३२ आठवड्यांपर्यंत हालचाल वाढत जाते, मग प्रसूतीपर्यंत जवळपास तेवढीच राहते. बदलतो तो तिचा प्रकार. आधी टुणकन लाथ बसायची, आता बाळ कूस बदलताना अख्खं पोट एका बाजूला सरकतं, नाहीतर बरगडीखाली टाच रुतून बसते (आणि ढकलली तरी हलत नाही!). हे चालतं. हालचाल मंदावणं चालत नाही.

बाळ झोपतं, हे खरं. पण ती झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची. दीड तासाच्या पुढे सहसा जात नाही. शंका आली तर डाव्या कुशीवर पडा, मोबाईल बाजूला ठेवा आणि फक्त पोटाकडे लक्ष द्या. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच दवाखाना गाठा. बाळाच्या उचक्या यात धरू नका. आकडा भरला, पण रोजच्यापेक्षा वेगळं वाटतंय, तरीही जा. थंड किंवा गोड पिऊन बघत बसू नका. घरच्या डॉपलरवर (बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं यंत्र) ठोके ऐकू आले म्हणून निश्चिंत होणं तर त्याहून वाईट. दवाखान्यात एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट) लावून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, गरज वाटली तर सोनोग्राफी. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.