मुंबई की मालवण? आईसोबत जायचंय, मदत हवी आहे

नोव्हेंबरमध्ये मी आणि आई (६८, गुडघेदुखी) नाशिकहून चार दिवस निघतोय. दोघीच. गाडी चालवता येत नाही.

मुंबईत गर्दीची धास्ती आहे, पण रात्री अकरालाही मरीन ड्राइव्हला माणसं असतात, टॅक्सी मिळते. आईला मात्र मालवणजवळचं तारकर्लीच हवंय. मुंबईहून कोकणकन्या एक्सप्रेस सकाळी कुडाळला सोडते, पुढचे तीसेक किलोमीटर रिक्षाने जमतील. परतीची गाडी रात्रीची, खरी काळजी तीच. दोन होमस्टेंना फोन केले. "ताई, बिनधास्त या!" म्हणाले, रस्त्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का विचारलं, तर विषय जेवणावर. समुद्रात उतरणार नाही.

तर, अंधार पडल्यावर तारकर्लीहून कुडाळ स्टेशनला खात्रीची रिक्षा मिळते का? आणि रात्री डॉक्टर लागलाच तर मालवणात सोय होते, की थेट ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं?