शब्दचर्चा : गुणसूत्रांची ‘जोडी’ आणि गुणसूत्रांचे ‘जुळणे’

प्रश्न (जालना) : तुतीवरच्या रेशीमकिड्याचे उदाहरण घेऊन ‘अर्धगुणसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रांच्या जोड्या होतात’ असे मी फळ्यावर लिहिले (अंडपेशी व शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे ते अर्धगुणसूत्री विभाजन; आई-वडिलांकडून आलेली एकाच प्रकारची दोन गुणसूत्रे ती समजात), तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की आईकडून एक आणि वडिलांकडून एक गुणसूत्र येते तेव्हाच जोडी ठरलेली असते, मग ती आता नव्याने ‘होते’ कशी? मला तिचा आक्षेप रास्त वाटतो. येथे कोणता शब्द योजावा?

उत्तर (परभणी) : ताई, आक्षेप रास्तच आहे. गोठ्यात दोन बैल दोन खुंट्यांना बांधलेले असले तरी आपण त्यांना बैलजोडीच म्हणतो. ‘जोडी’ हा शब्द नाते सांगतो, जवळ येण्याची क्रिया सांगत नाही. त्या क्रियेला पुस्तकात ‘युग्मन’ म्हणावे, वर्गात ‘जुळणे’ पुरते. रेशीमकिड्यात गुणसूत्रांच्या 28 जोड्या असतात आणि विभाजनाच्या आरंभी त्या जुळतात, असे लिहावे.

प्रतिसाद (उदगीर) : मग ‘जुंपणे’ का नको? जू जसे दोन बैलांना धरून ठेवते, तशी प्रथिनांची शिडीसारखी पट्टी जुळलेल्या गुणसूत्रांना धरून ठेवते.

उत्तर (परभणी) : दादा, शब्द देखणा आहे, पण कीटकांच्या बाबतीत तो सर्वत्र टिकत नाही. फळमाशीच्या नरात ती पट्टी तयारच होत नाही, तरीही गुणसूत्रे जुळतात. तेथे जनुकांची अदलाबदल होत नाही, हे आनुवंशिकीचे अभ्यासक मॉर्गन यांनी 1912 मध्ये मांडले. रेशीमपतंगाच्या मादीत पट्टी असते, तीच पुढे रूप बदलून दोघांना एकत्र ठेवते, मात्र अदलाबदल तिच्यातही होत नाही. जुळणे, जुंपणे आणि विनिमय (म्हणजे ही अदलाबदल) या तीन निराळ्या गोष्टी आहेत. ‘युग्मन’ म्हटले की विनिमय झालाच असे गृहीत धरलेले मला उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते, आणि त्याचे वाईट वाटते. माश्यांच्या तर साध्या शरीरपेशींतही समजात गुणसूत्रे शेजारी राहतात, म्हणून ‘अर्धगुणसूत्री विभाजनातच जुळतात’ यातला ‘च’ तेथे गाळावा.

प्रश्न (जालना) : आखूड मिशांच्या बहुतेक नाकतोड्यांत नराला 23 गुणसूत्रे असतात. अकरा जोड्या जुळल्यावर उरलेल्या एक्स गुणसूत्राला ‘विजोड’ म्हणावे का?

उत्तर (परभणी) : नको. विजोड म्हणायलाही दोघे लागतात, न शोभणारे का होईना. नाकतोड्याच्या एक्सला नरात जोडीदारच नसतो. तो न जुळता पेशीच्या एकाच ध्रुवाकडे, म्हणजे टोकाकडे, जातो, त्यामुळे निम्म्या शुक्रपेशींना एक्स मिळतो व निम्म्यांना मिळत नाही. त्याला सरळ ‘एकटे गुणसूत्र’ म्हणावे.