'बसे, म्हणे, जाई' यांचे इंग्रजी कसे करावे?

नमस्कार. आजीने लिहून ठेवलेल्या आठवणींचे मी परदेशात वाढलेल्या भाचरांसाठी इंग्रजी भाषांतर करीत आहे. आजी आपल्या आईविषयी लिहिते, 'पहाटे ती जात्यावर बसे, दळता दळता ओव्या म्हणे, उजाडले की धुणे घेऊन नदीवर जाई.' मी प्रत्येक क्रियापदाला 'यूज्ड टू' लावले आणि परिच्छेद अडखळू लागला. वारंवार घडणाऱ्या क्रियांसाठी दुसरे कोणते प्रयोग वापरावेत, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १
रीतिभूतकाळासाठी इंग्रजीत क्रियापदाचे वेगळे रूप नाही, म्हणून ही अडचण येते. 'यूज्ड टू' पहिल्या वाक्यात एकदाच वापरून जुन्या काळाची बैठक घालून द्यावी आणि पुढे 'वुड' वापरावे. 'एव्हरी मॉर्निंग' असे काही शब्द असतील, तर साधा भूतकाळही पुरतो. मात्र आधी काळ स्पष्ट केलेला नसेल, तर 'शी वुड सिंग' हे 'ती गायली असती' असेही वाचले जाऊ शकते. शिवाय असा 'वुड' कृतींनाच लागतो, स्थितीला नाही. 'तिच्याकडे दोन गाई असत' येथे 'शी वुड हॅव' चुकेल. 'यूज्ड टू हॅव' किंवा नुसते 'हॅड' लिहावे. 'ती तीनदा पंढरपूरला गेली' यात फेऱ्या मोजलेल्या असल्यामुळे तेथे 'वेन्ट' एवढेच योग्य.

प्रतिसाद २
वरील सल्ल्याशी सहमत आहे. त्रासिक सूर हवा असेल, तर 'कीप' उपयोगी पडतो: 'तो सारखा मध्येच बोलतो' म्हणजे 'ही कीप्स इंटरप्टिंग'. 'सांगून सांगून थकले' यातील द्विरुक्तीसाठी 'ओव्हर अँड ओव्हर' बरे. 'टाइम अँड अगेन' मला अशा घरगुती बोलण्यात जरा भारदस्त वाटते. आपल्याकडे 'मी रोज फिरायला जात असतो' याचेही 'आय यूज्ड टू गो' करतात, पण त्याचा अर्थ आता जाणे बंद झाले असा होतो. तेथे 'आय गो एव्हरी डे' हवे.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आता असे लिहिले आहे: 'शी यूज्ड टू सिट डाउन ॲट द ग्राइंडिंग स्टोन बिफोर डॉन. शी वुड सिंग ओव्याज ॲज शी वर्क्ड, अँड ॲट डेब्रेक शी वुड टेक द वॉशिंग टू द रिव्हर.' 'ओव्या'ला इंग्रजी 'एस' लावणे कानाला खटकते. 'सिंग ओवी' असे एकवचनी ठेवले तर चालेल का?

प्रतिसाद १
चालेल. 'सिंग ओपेरा' म्हणतात, तसेच ते वाचले जाईल.