मदत हवी आहे: बर्फाच्या पाण्याची चाचणी आणि पाळीचे टप्पे

स्त्री-पुरुषांची वेदना-संवेदनशीलता तपासायची आहे. हात मनगटापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दुखायला लागलं तो क्षण आणि हात बाहेर काढला तो क्षण सेकंदांत नोंदवायचा. सरावफेरीत एकाच स्त्रीचे आकडे एकदा ३५ सेकंद, दुसऱ्यांदा ७० आले. हार्मोन्समुळेच ना? पाळीचे दिवस १ ते १४ आणि १५ ते २८ असे दोन गट केलेत.

प्रतिसाद १
हार्मोन्सकडे नंतर जाऊ, आधी बादली बघा. पाणी स्थिर असेल तर हाताभोवती कोमट पाण्याचा थर साचतो आणि माणूस उगाच सोशिक ठरतो. छोटा पंप लावून पाणी फिरतं ठेवा. बर्फ जाळीपलीकडे हवा, कातडीला टेकता कामा नये. थर्मामीटर हाताजवळ ठेवून दर वेळी तापमान लिहा. दोन अंशांचा फरकही सेकंद पार बदलून टाकतो. त्याआधी तोच हात दोन मिनिटं ३२ अंशांच्या पाण्यात ठेवला की सगळे एकाच पातळीवरून सुरू होतात.

कमाल वेळ १८० सेकंद ठेवा, पण ती सांगू नका, नाहीतर लोक तेवढं गाठायलाच बसतात. जे १८० पर्यंत टिकले त्यांची सहनशक्ती १८० नव्हे, ‘१८० किंवा जास्त’. सरळ सरासरी काढू नका. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा थंडीने बोटं पांढरी पडण्याचा त्रास असणाऱ्यांना घेऊ नका; या चाचणीत रक्तदाब चढतो.

प्रतिसाद २
१४-१४ ची वाटणी मोडा. पहिल्या १४ दिवसांत इस्ट्रोजेन तळाशीही असतं आणि शिखरावरही. दोन्हींची सरासरी काढून हाती काय लागणार? शिवाय स्त्रीबीज चौदाव्याच दिवशी सुटतं असं नाही. लघवीतली एलएच पट्टी वापरा; स्त्रीबीज सुटण्याच्या जरा आधी वाढणारं एलएच हार्मोन ती पकडते. एक चाचणी पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, दुसरी चाचणी, पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर सातव्या दिवसाच्या आसपास. त्याच दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (स्त्रीबीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं तर स्त्रीबीज सुटलं असं धरा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचा गट वेगळा. त्यांचं नैसर्गिक चक्र दबलेलं असतं.

निम्म्या जणींची सुरुवात पाळीत करा, निम्म्यांची चक्राच्या उत्तरार्धात. दुसऱ्यांदा येणाऱ्याला काय होणार ते ठाऊक असतं. तुमचे ७० सेकंद तिथूनही आले असतील. निरोगी स्त्रियांमध्ये टप्प्यांमुळे पडणारा फरक छोटा असतो आणि दर अभ्यासात दिसतोच असं नाही. स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक त्याहून ठळक सापडतो, पण दोन्हींचे आकडे एकमेकांत बरेच मिसळलेले असतात.

प्रश्नकर्ता
पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन कधी मोजू?

प्रतिसाद २
सकाळी, साधारण ७ ते १०. दिवसभरात ते उतरतं. स्त्रियांमध्येही मोजणार असाल तर नेहमीचं किट नको, इतक्या कमी पातळीला ते चुकतं. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजण्याची पद्धत) करणारी प्रयोगशाळा शोधा.

प्रतिसाद १
आणि घड्याळ धरणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हेही तक्त्यात लिहा. १९९१ च्या एका प्रयोगात स्त्री समोर असताना पुरुषांनी वेदना कमी सांगितली होती. पाणी तेवढंच थंड होतं.