झरीना हाश्मींच्या मुद्राचित्रांत माणूस नाही, मग विस्थापन कुठे दिसते?

मृण्मयी (प्रश्न)
नमस्कार. चित्रकार झरीना हाश्मी यांच्या मुद्राचित्रांवर, म्हणजे कोरलेल्या ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांवर, मी एक दीर्घ टिपण लिहीत आहे. १९३७ मध्ये अलीगढला जन्मलेल्या झरीना परराष्ट्र सेवेतील पतीबरोबर बँकॉक, पॅरिस, टोकियो अशा शहरांत राहिल्या, पुढे न्यूयॉर्कला स्थिरावल्या आणि २०२० मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले; दरम्यान १९५९ मध्ये घरची मंडळी कराचीला गेल्याने माहेरही सीमेपलीकडे गेले. मात्र १९९९ च्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या संचातील ३६ वुडकटमध्ये (लाकडी फळी कोरून छापलेल्या चित्रांत) ना माणसे आहेत, ना निघालेले तांडे. घर, उंबरठा, दार असा एकेक उर्दू शब्द आणि त्याच्यासोबत मोजके आकार, एवढेच. हे काम पाहून मी हलून जाते, तरी ‘हे विस्थापनाचे चित्रण आहे’ असे ठामपणे लिहिताना हात अडखळतो. हेच त्यांना रंगवताही आले असते. मग मुद्राचित्रच का?

काष्ठकोर
मी स्वतः लाकूड कोरतो, म्हणून त्या बाजूने सांगतो. वुडकटमध्ये फळीचा जो भाग आपण कोरून काढतो तो कागदावर कोरा राहतो आणि जो शिल्लक ठेवतो त्यालाच शाई लागते. त्यांचे २००१ चे ‘डिव्हायडिंग लाइन’ पाहा. भारत-पाकिस्तान सीमेची ती काळी, वेडीवाकडी रेषा कोणी ओढलेली नाही. दोन्ही अंगांचे लाकूड काढून टाकल्यावर ती उरलेली आहे. आजूबाजूच्या जागेत कोरणीचे तुटक ओरखडे अजून दिसतात आणि मला ते रेषेइतकेच महत्त्वाचे वाटतात, कारण तिथे काहीतरी होते आणि ते हाताने काढले गेले, याचा तो पुरावा आहे.

शिवाय ठसा उलटा कोरावा लागतो. शिकत असताना मी आमच्या गावाचा नकाशा लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) जसाच्या तसा उतरवला आणि छापून पाहतो तर नदी गावाच्या भलत्याच अंगाला गेलेली. जिथली गल्लीन्गल्ली पाठ होती ते गाव कागदावर ओळखू येईना. नकाशा कोरणाऱ्याला आपला मुलूख तासन्‌तास असा उलटाच पाहत बसावे लागते.

सावनी
प्रक्रियेचा मुद्दा पटला. तरीही स्थलांतरित कलावंताच्या प्रत्येक ठशावर विस्थापनाची चिठ्ठी चिकटवू नये, असे मला मनापासून वाटते. आज बांगलादेशात असलेल्या चितगावात वाढलेले चित्रकार चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईला आले आणि अंधेरीत राहिले, पण त्यांचे लिनोकट पाहिले तर मागे सुटलेल्या गावापेक्षा इथल्या राबणाऱ्या मुलांकडे त्यांचे लक्ष अधिक होते. १९२१ मध्ये चितगाव जिल्ह्यातच जन्मलेल्या मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांच्या ‘वूंड्स’ (जखमा) मालिकेत तर नकाशाही नाही आणि शाईही नाही. मातीच्या सपाट थरावर सुरीने वार करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबून बसवायचा. हाती येतो तो पांढऱ्या कागदावर उठलेला पांढराच व्रण. त्यामागे १९४३ चा बंगालचा दुष्काळ आहे, तिथल्या बटाईदार शेतकऱ्यांचे तेभागा आंदोलन आहे, पुढची हिंसाही आहे. त्या व्रणाला केवळ फाळणीचे नाव दिले तर आपण तो लहान करतो.

काष्ठकोर
मान्य. मात्र झरीनांनी ‘घर’ हा शब्द स्वतःच निवडलेला आहे, त्यामुळे तिथे ही चिठ्ठी आपण लावत नाही.

दौतटाक
मृण्मयीताई, ‘मुद्राचित्रच का’ याचे उत्तर मला २००४ च्या ‘लेटर्स फ्रॉम होम’मध्ये सापडते. कराचीत राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने, रानी यांनी, आईवडिलांचे निधन, घर विकले जाणे अशा प्रसंगी झरीनांना पत्रे लिहिली, पण ती टपालात टाकली नाहीत. पुढे केव्हातरी भेटीत हाती दिली. त्या पत्रांवरून ही आठ मुद्राचित्रे झाली. रानी यांच्या अक्षरांच्या ओळींवर घराचे आराखडे आणि नकाशांच्या काळ्या रेषा अशा येऊन बसल्या आहेत की उर्दू जाणणाऱ्यालाही काही ओळी पुरत्या वाचता येऊ नयेत. रंगवताना झरीनांना हे अक्षर आपल्या हाताने पुन्हा लिहावे लागले असते आणि मग ते बहिणीचे राहिले नसते. ठशात मात्र तिच्या हाताचे वळण तसेच उतरते. टिपण लिहिण्यापूर्वी ही आठही चित्रे सलग पाहा आणि काळ्या रेषांखाली कोणत्या ओळी झाकल्या आहेत ते उर्दू जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या.