लातूर मनपा पुन्हा काँग्रेसकडे: हा कौल विलासरावांच्या आठवणीला की पाण्याला?

मांजराकाठ

१६ जानेवारी २०२६ ला लातूर महापालिकेचा निकाल लागला. ७० पैकी काँग्रेस ४३, सोबतच्या वंचित बहुजन आघाडीला ४, भाजप २२, राष्ट्रवादी १. त्याच दिवशी राज्यातल्या २९ महापालिकांची मतमोजणी होती. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशी मोठी शहरं भाजपकडे झुकत असताना लातूरने उलटा कौल दिला. मला त्याचा आनंद आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण निकालानंतर जो तो एकच कारण सांगतोय. ५ जानेवारीला भाजपचे प्रदेशाध्यक्ष रवींद्र चव्हाण लातूरच्या सभेत म्हणाले की या शहरातून विलासरावांच्या आठवणी पुसल्या जातील. त्यावर रितेश देशमुखांनी उत्तर दिलं, चव्हाणांनी दिलगिरी व्यक्त केली, आणि लातूरकरांनी मतपेटीतून बदला घेतला. इथे गोष्ट संपते, असं सगळे धरून चालले आहेत. मला हे पटत नाही, आणि लातूरसाठी ते घातकही वाटतं.

जरा मागे जाऊ. विलासराव हयात होते, मोठे नेते होते, तेव्हा १९९५ ला याच लातूरने त्यांना विधानसभेत पाडून जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांना निवडून दिलं. मनपा २०११ ला झाली. २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेस ४९ आणि भाजप शून्य. त्याच वर्षी १४ ऑगस्टला साहेब गेले. पुढची निवडणूक एप्रिल २०१७ मध्ये. तेव्हा भाजप शून्यावरून थेट ३६ वर, काँग्रेस ३३. साहेबांना जाऊन पाच वर्षंही झाली नव्हती. आठवण तेव्हा आजच्यापेक्षा ताजी होती. तरी सत्ता गेली, कारण २०१६ चा पाणीटंचाईचा उन्हाळा त्याहून ताजा होता.

लातूरकर नेत्यावर प्रेम करतो आणि मत देताना हिशेब करतो, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. आजच्या निकालाला नुसती श्रद्धांजली म्हटलं तर नव्या ४३ जणांना वाटेल की आपल्याला काही करायची गरजच नाही, फोटो लावला की झालं. २०१२ नंतर नेमकं हेच झालं होतं, असं माझं मत आहे.

गोलाईतला

मांजराकाठ, आकडे बरोबर, पण त्यातून तुम्ही काढलेलं अनुमान मला मान्य नाही.

तुम्ही आठवण आणि काम यांचे दोन कप्पे केलेत. आमच्या डोक्यात ते दोन नाहीत. सरकारी मेडिकल कॉलेज २००२ ला लातुरात आलं, ते साहेब मुख्यमंत्री असताना. पोरगं तिथं शिकलं, म्हातारीवर तिथं उपचार झाले, त्या घरात साहेबांची आठवण म्हणजे भिंतीवरचा फोटो नाही. ती आठवण पुसू म्हणणाऱ्याला लोकांनी काय ऐकलं? की तुमच्या शहराचं जे काही चांगलं झालं ते आम्ही मोजत नाही.

५ तारखेच्या आधी गंजगोलाईच्या बाजारात उमेदवाराची जात, प्रभागातलं भांडण, कुणाला तिकीट मिळालं नाही, याच गप्पा होत्या. ५ तारखेनंतर तिथं दुसरा विषय निघाला नाही. भाजपचे जुने मतदार असलेले व्यापारीसुद्धा म्हणत होते, हे बोलायला नको होतं. आता याला तुम्ही भावना म्हणा. भावना दुखली की माणूस मतदानाला बाहेर पडतो, हे तर मानाल की नाही?

आणि २०१७ चं म्हणाल तर तेव्हा कुणी साहेबांचं नाव घेऊन डिवचलं नव्हतं. संभाजी पाटील निलंगेकर पालकमंत्री होते, त्यांनी झिरो टू हिरो म्हणत प्रचार केला, पण साहेबांबद्दल वावगा शब्द काढला नाही. फरक तिथं आहे.

औसेकर पुणे

मी भाजपचा मतदार आहे. पराभव पराभवच, त्याला फाटे फोडत नाही. चव्हाणसाहेबांचं वाक्य चुकीचंच होतं आणि ते निवडणुकीच्या दहा दिवस आधी बोललं गेलं, ही आमच्या बाजूची अक्षम्य चूक. पण जिंकलेल्यांनी पाण्याचा हिशेब मागायला निघावं, हे मला सहन होत नाही. तो हिशेब पूर्ण मांडा.

२०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली आणि ऑगस्टपर्यंत येत राहिली. तेव्हा मनपा कुणाकडे होती? काँग्रेसकडे. राज्यात आणि केंद्रात कोण होतं? आम्ही. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून शहराला पाणी पाजलं ते आमच्या सरकारांनी.

आणि धरण का आटलं याबद्दल या धाग्यात अजून कुणी बोललेलं नाही. पाऊस कमी झाला हे खरंच. पण मांजरा पट्ट्यात ऊस कुणी वाढवला? कारखाने कुणाचे आहेत? ज्या घराण्याच्या आठवणीवर मतं मागितली गेली, त्याच घराण्याने या पट्ट्यात साखर उद्योग उभा केला. शेतकऱ्याचं त्यात भलं झालं, हे मीही म्हणतो, माझ्या मामाच्या शिवारात ऊसच आहे. पण शहराच्या घशाला कोरड पडली त्यात उसाचा वाटा आहे की नाही, एवढं तरी मोकळेपणाने बोला.

आणखी एक. २०१७ ला लोकांनी आम्हाला ३६ दिले. २२ नोव्हेंबर २०१९ ला आमचे दोन नगरसेवक फुटले आणि ३५ विरुद्ध ३३ मतांनी महापौर काँग्रेसचा झाला. मतदारांनी दिलेली सत्ता अर्ध्या वाटेवर काढून घेतली. म्हणजे त्या पाच वर्षांतली अर्धी वर्षं काँग्रेसच्या महापौराची आहेत. त्यांची जबाबदारी कोण घेणार?

गोलाईतला

पुण्यात बसून काय सांगूलालाव मालक! रेल्वेनं पाणी आणलं, त्याचे उपकार लातूर विसरलं नाही. म्हणून तर २०१७ ला ३६ दिले की. उपकार फेडून झाले. पण पुढच्या नऊ वर्षांत पुन्हा रेल्वे लागू नये म्हणून काय केलं? उजनीचं पाणी लातूरला आणतो, हे किती निवडणुकांत ऐकायचं?

निळी पहाट

या सगळ्यात आम्ही कुठेच नाही का? काँग्रेस ४३ म्हणताना सगळे जोरात म्हणतात, वंचित ४ म्हणताना आवाज खाली येतो. पण ४३ चा आकडा आमच्याशिवाय आला असता का, याचा विचार करा.

२०२४ च्या विधानसभेला लातूर शहरात वंचितचा वेगळा उमेदवार होता, आणि अमित देशमुख सात हजारांच्या घरातल्या मताधिक्याने कसेबसे निघाले. यंदा मतं एकत्र आली आणि दोघांचे मिळून ४७ झाले. आठवण, अस्मिता, पाणी, सगळं मान्य. पण निकाल फिरला तो मतांची फूट थांबल्यामुळे. बहुतेक प्रभागांत चार-चार जागा असतात, तिथे एका समाजाची एकगठ्ठा मतं चारही जागांवर फिरली की चित्र बदलतं. आमच्या वस्त्यांतल्या बायाबापड्यांनी चारही बटणं नीट दाबली.

स्पष्ट बहुमत असल्यामुळे काँग्रेसला उद्या आमची गरज लागणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच आज विचारतोय. दलित वस्ती सुधारणेचा निधी कोणत्या प्रभागात किती गेला याची यादी मागितली तर ती मिळेल का?

वकील, बार्शी रोड

मुद्द्यांची थोडी सरमिसळ होतेय म्हणून लिहितो.

मनपाची मुदत मे २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ यू सांगतो की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. तरी साडेतीन वर्षांहून जास्त काळ लातुरात नगरसेवक नव्हता. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली, तेव्हा कुठे मतदान झालं.

या काळात आयुक्त हेच प्रशासक. स्थायी समितीचे अधिकार त्यांचे, सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांचे. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा माणूस एकच. हे लातूरपुरतं नव्हतं, मुंबई-पुण्यातही असंच होतं. सुरुवातीचा महिना-दीड महिना महाविकास आघाडीचं सरकार होतं, जून २०२२ अखेरपासून आजतागायत सत्ता दुसऱ्या बाजूची आहे. म्हणून या काळाचं उत्तर औसेकरांच्या पक्षाला द्यावंच लागेल.

पण २०१९ बाबत औसेकरांशी मी पूर्ण सहमत आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून यायचं आणि महापौराच्या दिवशी हात दुसऱ्या बाजूला वर करायचा, हे काँग्रेसच्या फायद्याचं होतं म्हणून योग्य ठरत नाही. मांजराकाठ, तुमच्या पहिल्या प्रतिपादनात २०१७ वरून थेट २०२६ वर उडी आहे. मधलं २०१९ गाळून हिशेबाची भाषा करता येणार नाही.

मांजराकाठ

वकीलसाहेब, २०१९ चं समर्थन मी कधी केलं नाही आणि करणारही नाही. उलट ते माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. फोडाफोडीने मिळालेल्या त्या अडीच वर्षांत काँग्रेसने शहराला काय दिलं, हे आज कुणालाच चटकन सांगता येत नाही. सत्ता कशी आली याची चर्चा जोरात झाली, तिचं काय केलं हे कुणी विचारलं नाही.

औसेकर, उसाचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. काँग्रेसचा मतदार म्हणून मी हे म्हणतो की उसाच्या पाण्यावर बोलल्याशिवाय लातूरच्या नळाबद्दल बोलता येत नाही. धनेगावचं हे मांजरा धरण शहराचंही आहे आणि शिवाराचंही. दोघांचा वाटा ठरवताना शहराच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं, आणि ते काम महापौराचं आहे. तो महापौर कारखानदारांच्याच पक्षाचा असेल तर त्याला हे दुप्पट जोराने बोलावं लागेल.

गोलाईतल्या मित्रा, तुमच्या भावनेला मी कमी लेखत नाही. एकच सांगा, नांदेडात काय झालं? २०१७ ला तिथे ८१ पैकी ७३ काँग्रेसचे होते. अशोक चव्हाण २०२४ ला भाजपत गेले आणि यंदा तिथे भाजपचं बहुमत आलं. शहर नेत्याच्या मागे गेलं. लातूर तसं होऊ नये असं मला वाटतं. देशमुख घराणं उद्या कुठेही असो, लातूरच्या मागण्या त्याच राहिल्या पाहिजेत.

गोलाईतला

नांदेड आणि लातूर एका मापानं मोजू नका. तिथं नेता गेला तेव्हा लोकांपुढं दुसरं काही उरलं नाही. इथं नेता या जगातच नाही, तरी लोक त्याच्या नावासाठी उभे राहिले. मेलेल्या माणसाकडून कुणाला कसला फायदा व्हायचाय? तरी तुम्ही याला हिशेब म्हणता. मला तर यात लातूरची इमानदारी दिसते, आणि तिचा मला अभिमान आहे. त्या इमानाला नव्या नगरसेवकांनी जागावं, एवढंच माझं म्हणणं. नाही जागले तर त्यांना पाडायला मीच पुढं असेन.

औसेकर पुणे

आता अडचण दुसरीच आहे. एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाल्यापासून महापालिका राज्याच्या अनुदानावर चालतात. घरपट्टी-पाणीपट्टीवर लातूरसारख्या शहराचं भागत नाही. राज्यात महायुती, मनपात काँग्रेस. पाणी योजनेचा पुढचा पैसा कसा आणणार? आमचे २२ जण विरोधात आहेत, पण लातूरचेच आहेत. काँग्रेसने त्यांना सोबत घेऊन मुंबईला शिष्टमंडळ नेलं तर मी त्याचं जाहीर स्वागत करेन. पण साहेबांच्या नावाने सत्कार समारंभ करण्यातच सहा महिने गेले तर निधी अडला म्हणून आमच्या सरकारला शिव्या घालू नका.

खाडगावची लेक

सगळं वाचलं. इतक्या जणांनी लिहिलं, पण पाणी घरात भरून कोण ठेवतं हे एकाच्याही लिहिण्यात आलं नाही.

सत्तरातल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निदान ३५ बाया सभागृहात बसणार. आठवण की अस्मिता की मतविभागणी, हा वाद तुम्ही करा, करायलाच हवा. मी मत दिलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नळाचा दिवस होता. लातुरात पाणी रोज येत नाही. न येण्यापेक्षा जास्त जाच होतो तो कधी येईल हे माहीत नसण्याचा. नोकरी करणारी बाई त्या दिवशी रजा काढते किंवा शेजारणीला किल्ली देऊन जाते. भाड्याने राहणाऱ्या, ट्यूशन एरियात खोली घेऊन नीटचा अभ्यास करणाऱ्या मुलींचे हाल तर विचारू नका. लातूर पॅटर्नचं नाव देशभर आहे आणि पोरी बादल्या घेऊन जिन्यावर उभ्या.

निळी पहाट, तुमच्या यादीच्या मागणीला माझा पाठिंबा. औसेकरदादा, शिष्टमंडळाचंही पटलं. पण त्याच्याही आधी, पहिल्याच सर्वसाधारण सभेत एक ठराव घ्यावा. कोणत्या प्रभागाला कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ पाणी, याचं वेळापत्रक छापून प्रत्येक गल्लीत लावा. त्याखाली त्या प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांचे मोबाइल नंबर द्या. याला ना मुंबईचा निधी लागतो, ना धरण भरायची वाट बघावी लागते. मार्चअखेरच्या अर्थसंकल्पाआधी हे होतंय का, ते इथेच लिहीत राहू. तुमच्या-तुमच्या प्रभागाचं तुम्ही लिहा, माझ्या प्रभागाचं मी लिहीन.