शब्दचर्चा: ‘टायटानिया-आधारित द्विधात्विक मिश्रधातू नॅनोकण’

माटुंगेकर:
भाचीच्या पीएचडीचा मराठी सारांश तपासतोय आणि शीर्षकातच अडलोय. मूळ शब्द ‘सपोर्टेड’. ‘आधारित’ म्हटलं की मला ‘सत्यघटनेवर आधारित’ आठवतं. कण टायटानियाचेच (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचेच) बनलेत असं वाटतं. प्रत्यक्षात कण सोने-पॅलेडियमचे, चार-पाच नॅनोमीटरचे, टायटानियाच्या भुकटीवर नुसते बसलेले. भुकटी नसेल तर तापवताना ते एकमेकांना चिकटून मोठे होतात म्हणे.

पवईकर:
‘टायटानियावर बसवलेले’ लिहा आणि मोकळे व्हा. आम्ही लॅबमध्ये ‘सपोर्टवर चढवतो’ म्हणतो. दोन्ही धातूंच्या क्षारांचं द्रावण भुकटीत मुरवायचं, वाळवायचं, मग हायड्रोजनच्या झोतात तापवून क्षपण, म्हणजे क्षारांचे पुन्हा धातू करायचे. ‘मुरवणं’ लोणच्यातलं खरं, पण इम्प्रेग्नेशनला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

काळबादेवीकर:
आमचं घराणं झवेरी बाजारातलं, म्हणून विचारतो. बावीस कॅरेटच्या बांगडीत हजारात ९१६ भाग सोनं, उरलेलं हीण, आटवून एकजीव केलेलं. तांब्याच्या बांगडीला सोन्याचं पाणी दिलं तर तो मुलामा. धातू दोन्हीकडे आहेतच. मग ‘द्विधात्विक’ नक्की कुठली?

पवईकर:
दोन्ही! तिथेच तर घोळ होतो. ‘द्विधात्विक’ म्हणजे धातू दोन, एवढंच. ‘मिश्रधातू’ म्हणायचं तर ते एकजीव हवेत. सोने-पॅलेडियमचे कण कार्बनवर एकजीव मिळतात. टायटानियावर चढवून हवेत ४०० अंशांना भाजले, की गाभा सोन्याचा आणि वर पॅलेडियमचा मुलामा. (‘मुलामा’ पळवतोय, ‘कोअर-शेल’पेक्षा बरा.) क्ष-किरणांत कळतं: स्फटिकातल्या घराची बाजू सोन्यात ४.०८ अँगस्ट्रॉम, पॅलेडियमची ३.८९, एकजीव असेल तर क्ष-किरणांच्या आलेखात धातूची रेघ दोहोंच्या मधे सरकते. सोने-चांदीत ही युक्ती फसते, कारण चांदीची ४.०९. तिथे प्रकाशाचं शोषण बघायचं: सोन्याचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास, चांदीचं ४००च्या, एकजीव असेल तर दोहोंच्या मधे एकच.

माटुंगेकर:
आणि कॅरॅक्टरायझेशन? सारांशात ‘चारित्र्यनिश्चिती’ लिहिलंय.

काळबादेवीकर:
पोलीस ठाण्यातून दाखला आणायचाय का? ‘पारख’ म्हणा. नाहीतर ‘कस लावणं’.

पवईकर:
‘कस’ नको, तो फक्त शुद्धतेचा. इथे आकार, रचना, पृष्ठभाग सगळंच बघतात. ‘पारख’ चालेल, गाईडने चालू दिलं तर.

माटुंगेकर:
भाचीला फोन केला. टायटानियावरचे आहेत, हवेत भाजलेले आहेत, आणि रेघ सरकलीय का ते ‘बघून सांगते मामा’. तोवर ‘मिश्रधातू’ कंसात टाकलाय.